मनाई हुकूम मोडणाऱ्यांनाच आता स्थगिती हवी आहे. आम्ही काय करावं?

बांधावरची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदा स्वतःचं काही विचारतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं शेत कराडच्या बाजूला, नदीपासून आत. शेतात जायला आजोबांच्या आधीपासूनची गाडीवाट आहे, दहा फुटी, भावकीतल्याच एका कुटुंबाच्या बांधाने जाणारी. २०१४ मध्ये त्यांनी वाट अडवायला सुरुवात केली, म्हणून बाबांनी दिवाणी दावा लावला. २०१५ मध्ये निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, हुकूम झाला की निकाल लागेपर्यंत वहिवाटीला अडथळा करायचा नाही. २०१६ च्या मे महिन्यात त्यांनी एका रात्रीत जेसीबी लावून वाटेवर आडवा चर खणला, चार फूट खोल. आम्ही हुकूम मोडल्याचा अर्ज दिला. त्यावर तारखा पडत राहिल्या.

जून २०२३ मध्ये दावा आमच्या बाजूने लागला. साठ दिवसांत चर बुजवून द्या आणि पुन्हा अडथळा करू नका, असा हुकूमनामा. त्यांनी अपील केलं नाही आणि चरही बुजवला नाही. २०२४ मध्ये आम्ही अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल केली. नोटीस घ्यायला नकार, मग गैरहजर, मग वकील बदलला म्हणून मुदत. आता कुठे कोर्टाने बेलिफामार्फत (हुकूम बजावणारा कोर्टाचा कर्मचारी) चर बुजवून घ्यायचा आदेश दिला, तर बेलिफ आले त्या दिवशी ते म्हणाले, "आम्ही वरच्या कोर्टात गेलोय, स्टे आणतोय." बेलिफ परत गेले. कोर्टाच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर शोधलं, अजून त्यांच्या नावाने काहीही दिसत नाही.

नऊ वर्षं उसाची मोळी डोक्यावर घेऊन, चरावर टाकलेल्या बाभळीच्या खोडावरून माणसं जाताहेत. ट्रॉली आत येत नाही म्हणून टोळी दरवर्षी जास्त पैसे मागते, आणि त्यात त्यांची चूक नाही. बाबा ७४ वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यात त्याच खोडावरून घसरून त्यांचं मनगट मोडलं.

प्रश्न एवढाच: ज्यांनी कोर्टाचा एक हुकूम मोडला, दुसरा पाळला नाही, त्यांना तिसऱ्या दारात जाऊन स्थगिती मागता येते का? आणि मिळते का?

शेवंता
बाबांचं मनगट आता कसं आहे? वाचून फार वाईट वाटलं गं.

चहाबाज
मागता कोणालाही येते, ताई. मागायला कोर्ट फी तेवढी लागते. मिळते का, ते काळे कोटवाले सांगतील. मी बसलो इथेच.

काळा_कोट
सातारा-सांगली भागात दिवाणी वकिली करतो. कागद पाहिल्याशिवाय पक्कं मत देणार नाही, पण चित्र तुम्हाला वाटतंय तितकं वाईट नाही.

पहिली गोष्ट, अपील केलं म्हणजे अंमलबजावणी थांबली असं होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम ५ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. स्थगिती वेगळी मागावी लागते. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: स्थगिती नाही मिळाली तर मोठं नुकसान होईल, अर्ज विनाकारण उशिरा केलेला नाही, आणि हुकूमनामा पाळण्यासाठी तारण दिलं आहे.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी फार महत्त्वाची. कनिष्ठ स्तर न्यायालयाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस. तुमचा निकाल जून २०२३ चा. म्हणजे त्यांना अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज द्यावाच लागेल. आणि आदेश ४१ मधलाच नियम ३-अ सांगतो की असा अर्ज असेल तर अपील ऐकायचं की नाही हे ठरेपर्यंत कोर्टाने स्थगिती द्यायची नाही. हा नियम पुष्कळदा कोणी दाखवत नाही, म्हणून विसरला जातो. तुमच्या वकिलांना आजच सांगा.

तिसरी गोष्ट, अपील अजून दाखल दिसत नाही ना? मग उद्याच जिल्हा न्यायालयात कॅव्हेट टाका, म्हणजे आम्हाला कळवल्याशिवाय आदेश करू नका असा आगाऊ अर्ज. कलम १४८-अ. ९० दिवस टिकते, नंतर पुन्हा टाकता येते. नाहीतर नियम ५ खाली एकतर्फी अंतरिम स्थगिती मिळू शकते आणि तुम्हाला कळेपर्यंत महिना जातो.

बांधावरची
@काळा_कोट, मनापासून आभार. आमच्या वकिलांना आत्ताच फोन केला, कॅव्हेट उद्या टाकताहेत. नियम ३-अ त्यांनी वहीत लिहून घेतला.
@शेवंता, हाड जुळलंय, पण डाव्या हाताने बादली उचलत नाहीत अजून.

भाषावेडी
थोडं अवांतर. 'दरखास्त' हा शब्द मी आजोबांच्या तोंडून ऐकला होता आणि मला वाटायचं ती साधी विनंती असते. हुकूमनाम्याची अंमलबजावणी म्हणजे दरखास्त, हे आज कळलं.

नाझरखान्यातला
शब्द फारसी. मूळ अर्थ विनंतीच, तुमचं बरोबर आहे. पण आपल्याकडच्या कोर्टात 'दरखास्त लावली' म्हटलं की सगळ्यांना कळतं, निकाल खिशात आहे आणि हातात काही नाही.

मी नाझर विभागात, म्हणजे कोर्टाच्या हुकुमांची बजावणी करणाऱ्या खात्यात, ३१ वर्षं होतो, त्यातली बरीच बेलिफ म्हणून. ताईंची हकीकत वाचून गप्प बसवेना. ताबा घ्यायला किंवा अडथळा काढायला गेलं की दहातल्या सात ठिकाणी पहिलं वाक्य हेच: "स्टे आहे." कुठंय? "वकिलाकडंय." कोणत्या कोर्टाचा? "वरच्या." आम्ही रिपोर्टात तसंच लिहून परत यायचो, कारण गर्दी जमलेली असायची, दोन पंच कावरेबावरे झालेले असायचे आणि सोबत पोलीस नसायचे.

म्हणून पुढच्या वेळी तीन कामं करा. एक, पोलीस बंदोबस्तासाठी दरखास्तीतच अर्ज द्या आणि बंदोबस्ताची फी वेळेत भरा. ती भरली नाही म्हणून गेलेल्या तारखा मी मोजल्या नाहीत, इतक्या आहेत. दोन, पंच गावातले घेऊ नका, शेजारच्या गावातले घ्या. भावकीच्या भांडणात गावचा पंच सही करत नाही आणि त्याला दोष देता येत नाही, त्याला तिथेच राहायचंय. तीन, तोंडी स्टे हा स्टे नाही. कागद दाखवा, नाहीतर काम चालू, असं बेलिफाला कोर्टाकडूनच लिहून मिळालं तर त्यालाही बळ येतं. बेलिफ भित्रा नसतो हो, एकटा असतो.

काळा_कोट
नाझरकाकांच्या तिसऱ्या मुद्द्याला एक पुस्ती. स्थगितीचा आदेश खालच्या कोर्टाला कळवल्यापासून लागू होतो. पण अपिलदाराने 'स्थगिती झाली आहे' असं स्वतःच्या माहितीवरून शपथपत्र दिलं, तर प्रत यायच्या आधीही खालच्या कोर्टाला ते मानावं लागतं. खोटं शपथपत्र देणारा वेगळ्या गुन्ह्यात अडकतो. म्हणून नुसतं "स्टे आहे" म्हणाले की तिथेच म्हणा, शपथपत्र द्या. बोलणाऱ्यांपैकी फार थोडे सही करतात.

रोखठोक_९
माझं मत कडक आहे. ज्याने कोर्टाचा हुकूम मोडला त्याचं म्हणणं कोर्टाने ऐकूच नये. आधी चर बुजव, मग दारात ये. साधा न्याय आहे.

मध्यम_मार्गी
@रोखठोक_९, थांबा. मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे आणि मला हे लिहिणं सोपं नाही.

२००८ मध्ये आमच्या घराच्या भिंतीवरून शेजाऱ्यांनी दावा लावला. भिंत त्यांच्या हद्दीत दोन फूट आहे म्हणून. बांधकाम आहे तसं ठेवा, असा हुकूम होता. वडिलांनी तो मोडला. पावसाळा तोंडावर होता, वर पत्रा नव्हता, घरात माझी बाळंतीण बहीण होती. त्यांनी स्लॅब टाकला. चूक होती. दावा आमच्या विरुद्ध लागला, भिंत पाडायचा हुकूमनामा झाला.

अपिलात आम्ही स्थगिती मागितली. समोरचे वकील हेच म्हणाले, हुकूम मोडणाऱ्याला स्थगिती कशी? वडिलांनी उभं राहून माफी मागितली. यापुढे एक वीटही लावणार नाही असं लिहून दिलं आणि कोर्टाने सांगितलेली रक्कम भरली. तेव्हा स्थगिती मिळाली. अपिलात भूमी अभिलेखची मोजणी पुन्हा झाली आणि हद्द आमच्या बाजूने निघाली. स्थगिती नसती तर घर पडलेलं असतं आणि मग अपील जिंकून वडिलांनी काय केलं असतं?

पाडलेलं घर परत उभं राहत नाही. बुजवलेला चर मात्र पुन्हा खणता येतो. बांधावरचीताईंच्या प्रकरणात स्थगितीची गरजच नाही, हे माझंही मत आहे. पण 'ऐकूच नये' हे नको.

बांधावरची
@मध्यम_मार्गी, तुम्ही लिहिलंत हे चांगलं केलंत. तुमच्या वडिलांनी माफी मागितली आणि लिहून दिलं, मला तिथेच फरक दिसतो. आमच्या समोरच्यांनी नऊ वर्षांत एकदाही 'चुकलं' म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर बाबांनी अर्धा दावा मागे घेतला असता, मी त्यांना ओळखते.

काळा_कोट
या वादावर इंग्लंडमधला १९५२ चा हॅडकिन्सन खटला सांगतात. घटस्फोटानंतर मुलाला देशाबाहेर न्यायचं नाही असा हुकूम असताना आई त्याला ऑस्ट्रेलियात घेऊन गेली. मुलाला परत आणायचा आदेश झाला, त्यावर तिने अपील केलं. अपील कोर्ट म्हणालं, आधी मूल परत आण, मग ऐकतो. त्याच निकालात लॉर्ड डेनिंग यांनी अशी मांडणी केली की ऐकायचं नाही हा पक्का नियम नाही, त्या अवज्ञेमुळे न्यायाच्या वाटेत अडथळा येत असेल तर कोर्ट ऐकायला नकार देऊ शकतं. आपल्याकडेही तो कोर्टाच्या विवेकाचा भाग मानतात. म्हणजे रोखठोक आणि मध्यम_मार्गी दोघांनाही त्यात जागा आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या तय्यबभाई बगसरवाला प्रकरणात एक गोष्ट ठणकावून सांगितली: ज्या कोर्टाने हुकूम दिला त्याला अधिकारच नव्हता असं पुढे ठरलं, तरी हुकूम जिवंत असताना तो मोडल्याची शिक्षा टळत नाही.

ताई, तुमचा २०१६ चा अर्ज आदेश ३९ नियम २-अ खालचा असणार. त्यात मालमत्ता जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग आहे. तो निकाली निघाला का ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीत, पाहा. निघाला नसेल तर चालवून घ्या.

बांधावरची
पाहिला. २०१९ मध्ये 'दाव्यासोबत ऐकू' असा शेरा, पुढे काहीच नाही. निकालपत्रात त्याचा उल्लेखही नाही.

काळा_कोट
मग तो कागद सोन्याचा आहे. स्थगितीला विरोध करताना जोडा. आणि दरखास्तीत आदेश २१ नियम ३२ खाली मागा. उपनियम ५ प्रमाणे कोर्ट दुसऱ्याकडून काम करून घेऊन खर्च त्यांच्याकडून वसूल करू शकतं.

नाझरखान्यातला
दिवाणी तुरुंगाबद्दल एक सांगतो, लोकांना माहीत नसतं. दरखास्तीत समोरच्याला आत टाकायचं तर त्याचा जेवणाचा भत्ता दरखास्तदाराने भरायचा असतो, आगाऊ. एका म्हाताऱ्या आजीने मला विचारलं होतं, "त्यानं माझं वावर खाल्लं, आता भाकरी पण मीच घालू?" मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही.

चहाबाज
काका, हे वाचून चहा गार झाला.

ओहायोकर
माझाही अनुभव. पुण्यातला फ्लॅट भाड्याने होता. दावा चालू असताना दरमहा भाडं कोर्टात भरा असा आदेश झाला, भाडेकरूने भरलं नाही. रिकामं करण्याचा निकाल लागला, तेव्हा अपील आणि लगेच स्थगितीचा अर्ज. मी इथून, आई तिथून कुलमुखत्यारपत्रावर. आम्हाला वाटलं, संपलं सगळं. पण कोर्टाने स्थगिती दिली ती अटीवर: थकबाकी भरायची आणि दरमहा बाजारभावाने रक्कम जमा करायची. दोन महिने भरली, तिसऱ्याला चुकला. आदेशातच लिहिलं होतं की चुकलास तर स्थगिती उठेल. उठली. आईने किल्ली घेतली तेव्हा मला व्हिडिओ कॉल केला आणि बराच वेळ फक्त रिकामी खोली दाखवत राहिली.

काळा_कोट
ही अट घालायचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या आत्मा राम प्रॉपर्टीज निकालातून आला, आणि २००९ मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध सुपरमॅक्स या मुंबईच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तो उचलून धरला. सुपरमॅक्समध्ये भाडेकरू चक्क सरकारच होतं. स्थगिती फुकट नसते, हे सांगायला दोन्ही निकाल उपयोगी पडतात.

सहामाही
स्टे मिळाला तरी घाबरू नका. सहा महिन्यांनी आपोआप उठतो, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे.

काळा_कोट
@सहामाही, तो २०१८ चा एशियन रिसर्फेसिंग निकाल. २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो रद्द ठरवला. आता आपोआप काही उठत नाही, उठवायला अर्ज द्यावा लागतो. कृपया जुनी माहिती पुढे पाठवू नका, लोक त्यावर विसंबून तारखेला जात नाहीत.

सहामाही
माहीत नव्हतं. आभारी आहे.

वरळीचा_वारा
स्थगिती शेवटच्या क्षणी येते तेव्हा काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नोव्हेंबर २०१३, वरळीतली कॅम्पा कोला कंपाउंड ही वसाहत. पाचव्या मजल्याच्या वरचं सगळं बेकायदा, बिल्डरने महापालिकेच्या काम थांबवा नोटिसा १९८४ पासून धुडकावलेल्या. रिकामं करण्याची मुदत ११ नोव्हेंबरला संपली. मग महापालिकेने बुलडोझरने गेट तोडलं, बायका गेटसमोर आडव्या झाल्या होत्या. १३ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून ३१ मे २०१४ पर्यंत स्थगिती दिली. त्या क्षणी लोकांनी रस्त्यावर मिठ्या मारल्या. जून २०१४ मध्ये मात्र वीज, गॅस, पाणी तोडायला अधिकारी आत गेलेच.

नोटिसा धुडकावणारा बिल्डर कधीच निघून गेला होता. मिठ्या मारणारे आणि नंतर अंधारात बसलेले दुसरेच.

रोखठोक_९
त्यांनी स्वस्तात घेतले होते फ्लॅट, कागद न बघता.

वरळीचा_वारा
काहींनी बघितले नव्हते, हो. पण पंचवीस वर्षं महापालिका काय करत होती, हेही विचारा की.

शेवंता
वरळी राहू दे वरळीत. ताईंच्या वाटेवर या परत.

जुना_जाणता
प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, १८७२ मध्ये म्हणून ठेवलंय की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षं झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात सांगितलं, दरखास्त सहा महिन्यांत संपवा. २०२५ मध्ये देशभरची आकडेवारी मागवली तर ८.८ लाखांहून जास्त दरखास्ती पडून, आणि सर्वांत जास्त आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीत, ३.४ लाखांवर. बांधावरची, तुमची त्यातली एक.

बांधावरची
हा आकडा बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे एवढ्या घरांत कुणीतरी खोडावरून चालतंय."

बांधावरची
(तीन आठवड्यांनी.) सगळ्यांना कळवायचं होतं. अपील दाखल झालं. कॅव्हेट होती म्हणून आम्हाला आधी नोटीस आली, एकतर्फी काही झालं नाही. विलंब सव्वादोन वर्षांचा. कारण लिहिलंय की निकालाची माहितीच नव्हती. आमच्या वकिलांनी दरखास्तीतला त्यांचा मुदतीचा अर्ज दाखवला, त्यावर त्यांची सही आणि तारीख आहे. मग नियम ३-अ वाचला. २०१६ चा अर्ज आणि बांधावरचे चराचे फोटो जोडले.

न्यायाधीशांनी त्यांच्या वकिलांना विचारलं, "चर बुजवायला तयार आहात का? मग पुढचं बोलू." ते म्हणाले, सूचना घ्याव्या लागतील. आदेश झाला: विलंब माफीचा अर्ज निकाली निघेपर्यंत स्थगितीचा विचार करता येत नाही. विलंबावर पुढची तारीख पडली आहे.

काळा_कोट
छान. पण विलंब माफ झाला तर ते पुन्हा स्थगिती मागतील, तयारी सोडू नका. दरखास्तीत चर बुजवायचं वॉरंट लगेच काढून घ्या.

बांधावरची
काढलं. बंदोबस्ताची फी भरली, पंच शेजारच्या गावातले. काल बेलिफ आले, सोबत दोन हवालदार. समोरचे पुन्हा म्हणाले, "स्टे आहे." बेलिफ म्हणाले, "शपथपत्र द्या." दिलं नाही. जेसीबी गावातला कोणी द्यायला तयार नव्हता, तो कराडहून आणला.

दुपारी चारपर्यंत चर बुजला. माती अजून भुसभुशीत आहे, दोन पावसांत खाली बसेल, मग मुरूम टाकावा लागेल. त्याचाही खर्च दरखास्तीत मागणार आहोत. बाभळीचं खोड जेसीबीवाल्याने बाजूला टाकलं होतं, बाबा म्हणाले ते घरी आणा, सरपण होईल.

समोरच्या काकू कडेला उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. जाताना बाबांना एवढंच विचारलं, "मनगट बरंय का?"

मध्यम_मार्गी
त्यांना उत्तर दिलं ना बाबांनी?

बांधावरची
दिलं. "बरंय, वहिनी," म्हणाले.

नाझरखान्यातला
पंचनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल आजच मागा. आणि चराच्या जागेचा फोटो, तारखेसह, रोज एक, पुढच्या तारखेपर्यंत.

बांधावरची
मागितली, काका. फोटो भाचा काढतोय.

शेवंता
ऊस कधी तुटतोय?

बांधावरची
टोळी सोमवारी येणार आहे. मुकादमाला सांगितलंय, यंदा ट्रॉली थेट वावरात लावा.